सशाच्या नजरेची उंची



आपल्यापैकी अनेकांची एखाद्या कादंबरीशी पहिली भेट हल्ली पडद्यावर होते. पुस्तक त्यानंतर हाती येते, कधी येतही नाही. नोकरी, घर आणि अभ्यास अशी तीन ओझी एकाच वेळी वाहणाऱ्या विद्यार्थ्याने शेकडो पानांच्या कादंबरीऐवजी दीड तासाचा चित्रपट निवडला, तर त्याला कोणी दोष देऊ नये. मात्र माध्यमांतराचा अभ्यास करताना एक प्रश्न टाळता येत नाही. चित्रपट पाहून झाल्यावर कादंबरीत वाचण्यासारखे नेमके काय उरते? आणि ज्या वाचकाचा कादंबरीवर जीव जडला आहे, त्याने तिच्यावरील चित्रपटाचे मूल्यमापन कोणत्या निकषावर करावे? ‘पुस्तकातले अमुक पडद्यावर नाही’ ही तक्रार सोपी असते. पण ती प्रत्येकच रूपांतराला लागू पडते, आणि जी तक्रार सर्वांना लागू पडते ती कोणाविषयीच फारसे काही सांगत नाही.

हा प्रश्न मी अनेक वर्षे एका इंग्रजी कादंबरीच्या आधाराने स्वतःला विचारत आलो आहे. रिचर्ड ॲडम्स यांची ‘वॉटरशिप डाउन’ ही ती कादंबरी. तिचे नायक ससे आहेत. मी ती पुनःपुन्हा वाचली आहे, आणि तिची पडद्यावरील रूपेही, नाराज होण्याची पूर्ण तयारी ठेवून, पाहिली आहेत. त्यातून जे हाती लागले, ते आपल्यासमोर मांडतो.

ॲडम्स हे ब्रिटनच्या सरकारी सेवेतील अधिकारी. मोटारीच्या एका लांबच्या प्रवासात आपल्या दोन मुलींना रमवण्यासाठी त्यांनी सशांची एक गोष्ट रचून सांगितली. ‘आता ही लिहून काढा’ असा मुलींनी हट्ट धरला. लिहून झालेले हस्तलिखित अनेक प्रकाशकांनी नाकारले. अखेर रेक्स कॉलिंग्ज या लहानशा प्रकाशकाने १९७२ मध्ये ते छापले. त्या वर्षासाठीचे कार्नेगी पदक आणि पुढे ‘गार्डियन’चा बालसाहित्य पुरस्कार या कादंबरीला मिळाला. लहान मुलांना सांगितलेली ही गोष्ट तेव्हापासून मोठी माणसेही वाचत आली आहेत.

कथानक थोडक्यात असे. इंग्लंडच्या दक्षिण भागात सँडलफर्ड येथे सशांची एक जुनी वसाहत आहे. फायव्हर नावाच्या किरकोळ अंगाच्या सशाला भावी संकटांची चाहूल लागते. समोरचे सारे शेत रक्ताने माखलेले त्याला दिसते. वसाहतीचा प्रमुख त्याचे म्हणणे कानाआड करतो. तेव्हा फायव्हरचा भाऊ हेझल मोजक्या सोबत्यांना घेऊन रात्रीतून बाहेर पडतो. नदी, रान, माणसांची वस्ती, कुत्री, फासे अशा संकटांतून वाट काढत ते हॅम्पशायर परगण्यातील वॉटरशिप डाउन या चुनखडीच्या उंच टेकडीवर पोहोचतात. ही टेकडी नकाशावर खरोखरच आहे. तेथे वसाहत उभी राहते. पण सोबत माद्या नाहीत, म्हणजे पुढची पिढी नाही. माद्यांसाठी त्यांना एफ्राफा या दुसऱ्या वसाहतीत शिरावे लागते. तेथे जनरल वूंडवर्ट नावाच्या धिप्पाड सशाची लष्करी सत्ता आहे. प्रत्येक सशाच्या अंगावर चाव्याचा व्रण उमटवून त्याची तुकडी ठरवली जाते, आणि चरायला कधी बाहेर पडायचे हेही वरून ठरते.

प्राणिकथा आपल्याला नवीन नाही. पंचतंत्रातील सिंह-कोल्हे आणि इसापनीतीतील ससा-कासव आपण बालपणापासून ओळखतो. परंतु तेथील प्राणी हे बहुधा मानवी स्वभावाचे मुखवटे असतात. मुखवटा काढला की आत माणूस सापडतो. ॲडम्स यांची वाट वेगळी आहे. रोनाल्ड लॉकली या निसर्ग-अभ्यासकाच्या सशांवरील पुस्तकाचा आधार घेऊन त्यांनी आपल्या सशांचे खाणेपिणे, भिणे, झुंजणे आणि वीण हे सारे खऱ्या सशांसारखे ठेवले. मराठीत व्यंकटेश माडगूळकर यांनी ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळीतील सत्तासंघर्ष लिहिताना प्राण्यांच्या प्रत्यक्ष वर्तनाचा असाच मान राखला आहे. ॲडम्स यांनी आपल्या सशांना त्यापलीकडे आणखी दोन गोष्टी दिल्या: एक भाषा आणि एक पुराण. माझ्या मते कादंबरीचे मर्म या दोहोंत आहे, आणि रूपांतराची खरी परीक्षाही तेथेच होते.

पहिल्याच प्रकरणातील एक प्रसंग पाहू. संध्याकाळी चरताना हेझल आणि फायव्हर यांना शेताच्या कडेला नव्याने रोवलेला एक फळा दिसतो. त्याचा वास त्यांना जाणवतो. जवळच गवतात धुमसणारी एक पांढरी काडी पडलेली असते. त्यांना वाचता येत नाही. प्रकरणाच्या शेवटी निवेदक फळ्यावरचा मजकूर आपल्यापुढे ठेवतो: या जागेवर आधुनिक निवासी घरे बांधली जाणार आहेत. फळा वाचता येणाऱ्या आपल्याला संकट कळते; ज्यांच्यावर ते कोसळणार आहे त्यांना कळत नाही. आणि ज्या एकाला ते जाणवते, त्याला ते पुराव्यानिशी सिद्ध करता येत नाही. वाचकाचे ज्ञान आणि सशाचे ज्ञान यांतील हे अंतर ॲडम्स अखेरपर्यंत सांभाळतात. नदी ओलांडताना ब्लॅकबेरी नावाच्या हुशार सशाला सुचते की पाण्याकाठी पडलेली फळी तरंगते, तेव्हा दमलेल्या दोघांना तिच्यावर बसवून पलीकडे ढकलता येईल. त्याचे बोलणे हेझललाही धड उमगत नाही. काम फत्ते होते, आणि बहुतेक ससे ती युक्ती लगेच विसरूनही जातात. आपल्याला क्षुल्लक वाटणारी गोष्ट त्यांच्या बुद्धीच्या अगदी टोकाशी आहे. आपण जमिनीपासून वीतभर उंचीवरून पाहत आहोत, ही जाणीव वाचकाला क्षणभरही सुटू नये अशी येथे योजना आहे.

आता भाषेकडे वळू. या सशांना चारपर्यंतच मोजता येते. त्यापुढील प्रत्येक संख्येला एकच शब्द आहे, ‘ह्रैर’. मोटारीला ते तिच्या आवाजावरून ‘ह्रुदुदू’ म्हणतात. बिळाबाहेर येऊन चरणे म्हणजे ‘सिल्फ्ले’. भीतीने जागच्या जागी गोठून जाणे म्हणजे ‘थार्न’. आपल्या ‘थिजणे’ या क्रियापदाच्या जवळ जाणारा हा शब्द आहे. हे शब्द प्रथम तळटिपेसह येतात, नंतर तळटिपेशिवाय येऊ लागतात, आणि शेकडो पानांनंतर, निर्णायक झुंजीच्या ऐन क्षणी, बिगविग हा ससा वूंडवर्टला एक संपूर्ण वाक्य सशांच्या भाषेत ऐकवतो. लेखक त्याचा अर्थ देत नाही. तो द्यावा लागतच नाही, कारण ती शिवी वाचकाला थेट समजते. एक परकी भाषा आपण नकळत शिकलो, हे त्या क्षणी ध्यानात येते. प्रौढ वयात नव्याने शिकायला बसलेल्या आपणा सर्वांना या आनंदाची किंमत ठाऊक आहे. असे शिकणे घडायला वेळ लागतो, पुनरावृत्ती लागते, पाने लागतात. चित्रपटाला तेवढा अवकाश नसतो. म्हणून ही गोष्ट पडद्यावर आली नाही तर मी तिचा दोष दिग्दर्शकाला देत नाही; ती गद्याची मालमत्ता आहे.

पुराणाची गोष्ट मात्र वेगळी. सशांचा आदिपुरुष एल-अहरायरा हा एक धूर्त आणि निर्भय राजा. त्याच्या पाच कथा कादंबरीत येतात. ससे त्या एकमेकांना सांगतात. दमलेले असताना, भ्यालेले असताना, पुढे काय करावे हे सुचत नसताना. वाटेत त्यांना एक संपन्न वसाहत लागते. तेथे खायला मुबलक आहे, ससे धष्टपुष्ट आहेत, पण एल-अहरायराच्या कथा त्यांना जुनाट वाटतात. त्याऐवजी ते मरणाला शरण जाणारी उदास कविता म्हणतात, आणि एखादा सोबती दिसेनासा झाला तर ‘तो कुठे आहे’ असे तेथे कोणी विचारायचे नसते. पुढे उलगडा होतो की जवळचा एक शेतकरी त्यांना खाऊ घालतो आणि त्यांच्याभोवती फासे लावून अधूनमधून एकेकाला नेतो. सर्वांना हे माहीत आहे. न बोलण्याची किंमत म्हणून ते सुखात आहेत. आपल्या पूर्वजांची गोष्ट सांगणे ज्यांनी थांबवले, त्यांनी जगण्याची धडपडही थांबवली, असा संबंध ॲडम्स येथे जोडतात. मला हा कादंबरीचा गाभा वाटतो.

या पार्श्वभूमीवर १९७८ चा ॲनिमेशनपट पाहू. दिग्दर्शक मार्टिन रोझेन. हेझलचा आवाज जॉन हर्ट यांचा. पन्नास प्रकरणांचा मजकूर त्यांना सुमारे दीड तासात बसवायचा होता, आणि पाच पुराणकथांपैकी एकच त्यांनी ठेवली: सृष्टीच्या आरंभाची. तीही सशाच्या तोंडून न येता चित्रपटाच्या सुरुवातीला येते, सपाट, आदिम वाटणाऱ्या चित्रशैलीत. उरलेला चित्रपट जलरंगांतील इंग्रजी निसर्गाच्या पार्श्वभूमीवर घडतो. कथा सांगणारे ससे जवळजवळ नाहीसे झाले, ही हानी मोठी आहे. पण चित्रपटाने केवळ गमावले असे म्हणणे अन्यायाचे होईल.

सँडलफर्डचा विनाश घ्या. कादंबरीत होली हा वाचलेला ससा तो आपल्या सोबत्यांना सांगतो. माणसांनी बिळांची तोंडे बुजवली आणि आत विषारी वायू सोडला. होलीला वायू म्हणजे काय हे कळलेले नाही. जे अंगावर आले तेवढेच तो सांगू शकतो. चित्रपटात होलीच्या निवेदनावर जी दृश्ये येतात ती वास्तवदर्शी नाहीत. बिळे पिळवटतात, देह एकमेकांत अडकतात, रंग बिघडतात, झाडांची मुळे आणि सशांचे चेहरे एकमेकांत मिसळतात. न समजलेल्या भयाला आकार नसतो, म्हणून दृश्याचाही आकार मोडला आहे. कादंबरी अज्ञानाची जी मर्यादा शब्दांनी पाळते, ती चित्रपटाने येथे रेषेने पाळली. याला मी निष्ठा म्हणेन.

याहून मोलाचे उदाहरण शेवटाचे. कादंबरीच्या उपसंहारात म्हातारा झालेला हेझल बिळात पेंगत असताना एक अनोळखी ससा त्याला भेटायला येतो. त्याच्या कानांवर मंद रुपेरी प्रकाश आहे. तो आपले नाव सांगत नाही. पण ज्या वाचकाने आधीची एक पुराणकथा लक्षपूर्वक वाचली आहे, त्याला आठवते की आपल्या लोकांसाठी इनलेच्या काळ्या सशाशी, म्हणजे सशांच्या मृत्युदेवतेशी, सौदा करायला गेलेल्या एल-अहरायराने तेथे आपले कान गमावले होते, आणि सूर्यदेव फ्रिथने त्याला दिलेल्या नव्या कानांत किंचित तारकांचा प्रकाश होता. पाहुणा कोण हे आपल्याला त्या कानांवरून कळते. जन्मभर ज्याच्या गोष्टी सांगितल्या, तोच न्यायला आला आहे.

चित्रपटाने ती कथा वगळली. मग ही ओळखही शक्य नव्हती. रोझेन यांनी दुसरी उभी केली. कथेच्या मध्यावर हेझलला गोळी लागते आणि तो मेला असे सर्व समजतात. तेव्हा फायव्हर काळ्या सशाच्या छायारूपामागे धावत जाऊन जखमी भावाला शोधून काढतो. या प्रसंगावर माइक बॅट यांनी रचलेले आणि आर्ट गारफंकल यांनी गायलेले ‘ब्राइट आइज’ हे गीत आहे. अखेरीस हेझलकडे येतो तोही हाच काळा ससा. ज्या छायेने एकदा त्याला परत मिळवून दिले, तीच आता त्याला न्यायला आली आहे, आणि प्रेक्षक तिला ओळखतो. पुस्तकातील पाहुणा बदलला, शेवटाचा अर्थही काहीसा बदलला. तरीही ‘आधी ऐकलेल्या-पाहिलेल्या गोष्टीने मरण ओळखीचे होते’ ही मूळ रचना टिकली. कादंबरीचा तपशील मोडून तिचा न्याय राखणे म्हणतात ते असे. मला पुस्तकाचा शेवट अधिक प्रिय आहे. चित्रपटाचा शेवट मी त्यामुळे कमी दर्जाचा ठरवू शकत नाही.

या चित्रपटाला ब्रिटनच्या प्रमाणन मंडळाने सर्वांसाठी खुले असे प्रमाणपत्र दिले होते. त्यातील रक्त आणि भीती पाहून घाबरलेल्या मुलांच्या आठवणी पुढे कित्येक वर्षे सांगितल्या गेल्या. २०२२ मध्ये फेरविचार होऊन पालकांच्या मार्गदर्शनाची सूचना त्याला जोडण्यात आली. १९९९ ते २००१ या काळातील दूरचित्रवाणी मालिकेने याच्या उलट टोक गाठले. एकोणचाळीस भागांत तिने गोष्ट मुलांसाठी मवाळ केली. जॉन हर्ट येथे वूंडवर्टचा आवाज झाले, एवढी गंमत सोडता मला तिच्यात फारसे सापडले नाही. ज्या कथेत मरण हे रोजचे आहे, तिच्यातून मरणाची धार काढली की सशांच्या धाडसालाही वजन उरत नाही.

२०१८ मध्ये बीबीसी आणि नेटफ्लिक्स यांनी नोम मुरो यांच्या दिग्दर्शनाखाली चार भागांची संगणकीय ॲनिमेशन मालिका आणली. हिच्याविषयी मत देताना मला अधिक सावध राहावे लागते, कारण तिच्या दोन बदलांकडे मी दोन वेगळ्या नजरांनी पाहतो. मूळ कादंबरीत माद्यांना स्थान कमी आहे, हा तिच्यावरील आक्षेप जुना आणि योग्य आहे. मालिकेने स्ट्रॉबेरी या नराला मादी केले आणि इतर माद्यांनाही बोलते केले. हा बदल कादंबरीशी वाद घालतो, आणि तसा वाद घालण्याचा अधिकार रूपांतराला आहे. परंतु हेझल आणि क्लोव्हर यांच्यात मालिकेने प्रेमकथाही घातली. कादंबरीचा निवेदक स्पष्ट बजावतो की माणसांना ओळखीच्या असलेल्या प्रणयाच्या कल्पना सशांच्या जगात नाहीत. पहिल्या बदलाने सशांच्या जगातील दुर्लक्षित बाजू उजळली; दुसऱ्याने त्या जगात माणसाची गोष्ट आणून ठेवली. बदल दोन्हीही आहेत, म्हणून दोन्हींना एकच शेरा देता येत नाही. शिवाय या मालिकेतील ससे खऱ्या सशांसारखे दिसावेत असा प्रयत्न आहे, आणि त्यामुळेच अंधाऱ्या दृश्यांत एक दुसऱ्यापासून ओळखणे अवघड जाते. कातडी हुबेहूब झाली, पण त्या कातडीतून बाहेर पाहणारी नजर १९७८ च्या जलरंगांत मला अधिक जवळची वाटली.

आपण विचाराल, एवढी मोजदाद कशासाठी? एका प्रसंगामुळे. एफ्राफाचे सैन्य टेकडीवर चाल करून येते. अरुंद बोगद्यात बिगविग वूंडवर्टला अडवून उभा आहे. सर्व ससे त्यालाच, सर्वांत ताकदवान म्हणून, वसाहतीचा प्रमुख समजत आहेत. वूंडवर्ट त्याला वाट सोडायला सांगतो. बिगविग उत्तर देतो की ही वाट राखण्याची आज्ञा आपल्याला आपल्या प्रमुखाने दिली आहे. ते ऐकून एफ्राफाचे ससे हादरतात. एवढ्या बलदंड सशाला आज्ञा देणारा प्रमुख याहून किती मोठा असेल! प्रत्यक्षात तो प्रमुख गोळीने लंगडा झालेला हेझल आहे, आणि त्या वेळी तो दूर शेतावरचा कुत्रा सोडवायला गेला आहे. ताकद म्हणजेच सत्ता असे मानणाऱ्यांना विश्वासावर चालणारी सत्ता कल्पनेतही पाहता येत नाही. त्यांचा पराभव तेथे सुरू होतो. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलवाहू तुकडीत सेवा केलेल्या ॲडम्स यांनी हेझलची प्रेरणा म्हणून आपले वरिष्ठ मेजर जॉन गिफर्ड यांचे नाव सांगितले आहे. १९७८ च्या चित्रपटाने हा संवाद राखला, आणि त्याच्या इतर अनेक वजाबाक्या मी या एका कारणासाठी सोसू शकतो.

एखाद्या पुस्तकावर प्रेम असले म्हणजे त्याचा पहारेकरी व्हावे लागते, असे नाही. त्या पुस्तकाचे बळ कोठे आहे हे इतरांपेक्षा थोडे अधिक अचूक सांगता यावे, एवढेच प्रेमाने आपल्यावर येणारे दायित्व आहे. आपण स्वाध्यायासाठी जे पुस्तक आणि जो चित्रपट निवडाल, त्यांत वगळलेल्या प्रसंगांची यादी करण्याआधी पुस्तकातील एकच जागा निवडा, जिच्याशिवाय ते पुस्तक ते राहणार नाही. ती जागा कोणत्या साधनांनी उभी राहिली आहे हे लिहून काढा. मगच पडद्याकडे वळा, आणि पाहा की तेथे त्या साधनांच्या बदल्यात दुसरे काही उभे केले आहे, की जागा रिकामीच सोडली आहे. माझ्यासाठी ती जागा म्हणजे रुपेरी कानांचा तो पाहुणा. आपली जागा वेगळी असेल. ती आपल्यालाच शोधावी लागेल.